जुना सिनेमा लावताय, तर नीट लावा : सीमाभागातल्या टॉकीजवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
चित्रपटगृहांचे मालक, व्यवस्थापक आणि बूथमधले ऑपरेटर,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक आणि परिसर

विषय : जुने चित्रपट पुन्हा लावताना प्रत, चौकट, उजेड, आवाज आणि हक्क यांबाबत

स. न. वि. वि.

'तुंबाड' २०१८ साली तिकीटबारीवर जेमतेम चालला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या कपाटातून काही ना काही जुनं बाहेर पडतंय. तुमच्यापर्यंतही वितरकांचे फोन आले असतील, नसतील तर येतील. फोन घेण्याआधी हे पत्र एकदा वाचा आणि मग बूथमधल्या, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीतल्या, माणसाच्या हातात द्या, कारण यातलं निम्म्याहून जास्त काम त्याचं आहे.

जुना चित्रपट बघायला येणाऱ्याच्या मोबाईलवर तो चित्रपट बहुतेक वेळा आधीच असतो. तो तिकीट काढतो ते मोठा पडदा, पूर्ण अंधार आणि छातीवर येणारा आवाज यांसाठी. हे तिन्ही बिघडलेलं असेल तर दुसऱ्या खेळाला कुणी येत नाही आणि 'आमच्याकडे जुनं चालत नाही' असा शिक्का बसतो. आम्ही पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या खेळांत चित्रपट चांगलाच होता. चूक प्रतीत होती, नाहीतर बूथमध्ये.

वितरकाला पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. ही प्रत कशावरून केली, ते विचारा. उत्तर तीनपैकी एक येईल. मूळ निगेटिव्हवरून केलेलं स्कॅन, टॉकीजमध्ये फिरलेल्या जुन्या ३५ मिमी प्रिंटवरून केलेलं स्कॅन, किंवा कधीकाळी टीव्हीसाठी काढलेली टेप. पहिलं असेल तर घ्या. दुसऱ्यात ओरखडे असतात, रिळांच्या टोकांना काही चौकटी गहाळ असतात, रंग उडालेला असतो, तरी काळजीने केलेलं असेल तर चालतं. तिसरं फुकट दिलं तरी घेऊ नका. टेपमध्ये उभ्या दिशेने जेमतेम ५७६ रेघा असतात. तुमच्या प्रोजेक्टरला लागतात १०८०. त्यात हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना दातेरी रेघा येतात, कोपऱ्यात कुठल्या तरी वाहिनीचं चिन्ह असतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेग. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, आपल्याकडचा टीव्ही २५ ने. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो आणि गाणी सहसा जवळजवळ अर्धा स्वर चढतात. ज्या प्रेक्षकांना ही गाणी पाठ आहेत त्यांना कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकतंय हे पहिल्या अंतऱ्यालाच कळतं.

हे घरबसल्या तपासता येतं. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये दिलेली असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर जाते. लांबीला २७.४ ने भागा, मिनिटं मिळतील. ३,२९० मीटर म्हणजे १२० मिनिटं. वितरकाची फाईल ११५ मिनिटांची निघाली तर ती टीव्हीवरून आलेली आहे किंवा कापलेली आहे. दोन्ही ठिकाणी उत्तर 'नको' हेच.

रंगीत चित्रपटांत आणखी एक गोष्ट बघा. १९७०च्या दशकातल्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळा पडदा लालगुलाबी होतो. 'पिंजरा' (१९७२) अशा प्रिंटवरून लावला तर फडावरचा झगमगाट आणि मास्तरच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला फरकच निघून जातो, आणि त्या चित्रपटाचा अर्धा आशय त्या फरकात आहे. उलट दिशेची चूकही हल्ली वाढली आहे. संगणकाने इतकी साफसफाई केलेली असते की फिल्मचा दाणा जातो आणि माणसांची कातडी मेणाची दिसते. मोबाईलवर ते 'क्लिअर' वाटतं, ४० फुटी पडद्यावर भेसूर दिसतं. आणि कृष्णधवल चित्रपटाला रंग चढवून कुणी आणला तर चहा पाजून परत पाठवा.

चित्र आणि आवाज यांची चौकशी वेगवेगळी करा. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केलेला चित्रपट. २०२४ मध्ये तो फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने घडवला, तेव्हा चित्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हवरून घेतलं, पण आवाजाची निगेटिव्ह खराब झालेली असल्याने आवाज दुसरीकडे जपलेल्या प्रिंटवरून घ्यावा लागला. चांगल्या प्रतीमागे अशी जोडाजोड असते आणि ती करणारे ती लपवत नाहीत. ज्याला 'आवाज कुठून घेतला?' या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याची प्रत संशयास्पद समजा.

आता चौकट. इथे सगळ्यात जास्त नासाडी होते, म्हणून थोडं सविस्तर.

१९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे जवळपास सगळे भारतीय चित्रपट, आणि आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं निघालेले अनेक, १.३७ ला १ या चौकटीत चित्रित झाले. म्हणजे उंची १ असेल तर रुंदी १.३७. तुमच्या पडद्यावर दोन चौकटी बसवलेल्या असतात : फ्लॅट, म्हणजे १.८५, आणि स्कोप, म्हणजे २.३९. जुना चित्रपट आला की ऑपरेटर फ्लॅट लावतो आणि बाजूला उरलेला काळा भाग बघून मालक म्हणतात, 'पडदा भरून टाक की.' भरायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही चुकीचे. चित्र ओढून रुंद केलं तर प्रत्येक माणूस ३५ टक्के जाड होतो. वरून-खालून कापलं तर फ्लॅटमध्ये २६ टक्के चित्र जातं, स्कोपमध्ये ४३ टक्के. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'च्या (१९३६) शेवटी विमान आकाशात चढतं. चौकट कापली की एक तर विमान जातं, नाहीतर खाली उभी माणसं. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात वाखाणलेल्या चित्रपटाचं असं करू नका.

खरं काम फक्त कापडाचं आहे. डीसीपीमध्ये, म्हणजे टॉकीजच्या सर्व्हरवर चालणाऱ्या डिजिटल प्रतीत, १.३७ चा चित्रपट फ्लॅटच्या चौकटीतच मधोमध ठेवलेला असतो, १९९८ पैकी १४८० बिंदू रुंद. म्हणून लेन्सला हात लावायचा नाही, फ्लॅटचंच चॅनल, म्हणजे प्रोजेक्टरमध्ये आधीच ठरवून ठेवलेली मांडणी, वापरायचं. प्रश्न उरतो बाजूच्या पट्ट्यांचा. डिजिटल प्रोजेक्टरचा काळा रंग पूर्ण काळा नसतो, तो राखाडी दिसतो, आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना राखाडी पट्टे असले की चित्रातला अंधारही फिका पडतो. समजा चित्राची उंची १८ फूट आहे. फ्लॅटची रुंदी ३३.३ फूट, १.३७ ची २४.७ फूट. दोन्ही बाजूंना प्रत्येकी सव्वाचार फुटांहून थोडी जास्त जागा झाकायची. तुमच्या मास्किंगच्या, म्हणजे पडद्याच्या कडा झाकणाऱ्या काळ्या कापडाच्या, मोटरला तिसरा थांबा बसवता आला तर उत्तम. नसेल तर साडेचार फूट रुंद आणि पडद्याच्या उंचीचे काळ्या मखमलीचे दोन पडदे शिवून घ्या, वर पाइपला कड्या लावा, खाली शिवणीत साखळी घाला म्हणजे पंख्याने हलणार नाहीत. सॅटिन किंवा चकचकीत कापड नको, ते उजेड परत फेकतं. शहापूर-वडगावात कापडाची माणसं आहेत, बेळगावकरांना हे अवघड जाऊ नये.

दुसऱ्या टोकाची चूक स्कोपमध्ये होते. महेश कोठारे यांचा 'धडाकेबाज' (१९९०) स्कोपमधला आहे. तो फ्लॅटच्या चॅनलवर लावला तर वरखाली काळे पट्टे येतात, पडद्याच्या कडा मोकळ्या राहतात आणि चित्र लहान होतं. स्कोपचं चॅनल निवडा, मास्किंग पूर्ण उघडा. 'शोले' (१९७५) ७० मिमीवर दाखवला गेला तेव्हा चौकट २.२ होती, म्हणजे दोन्हींच्या मधली. १८ फूट उंचीवर ती ३९.६ फूट होते, स्कोपच्या ४३ फुटांत दोन्ही बाजूंना पावणेदोन फूट झाकावे लागतील. २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलेल्या त्याच्या नव्या प्रतीत मूळ शेवट परत आला आहे, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो. ती लावायची असेल तर कुठली आवृत्ती मिळतेय, हे करारात लिहून घ्या. (रामगड म्हणजे आपल्याच राज्यातलं रामनगर. जाहिरातीत वापरा, कन्नड प्रेक्षक खूश होईल.)

उजेडाबद्दल थोडक्यात. पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड हे ठरलेलं माप आहे. मीटर नसेल तर देखभालीला येणाऱ्या इंजिनिअरकडून वर्षातून दोनदा तरी मोजून घ्या. उजेड कमी पडण्याची कारणं नेहमीची : वापराचे तास उलटून गेलेला प्रोजेक्टरचा झेनॉन लॅम्प, बूथच्या काचेवर पावसाळ्यात बसणारी ओल आणि बुरशी, आणि मागच्या आठवड्यातल्या थ्रीडी खेळाचा फिल्टर, जो काढायचाच राहून गेला. शेवटच्या एका चुकीने निम्म्याहून जास्त उजेड जातो. थ्रीडीसाठी चंदेरी पडदा बसवला असेल तर मध्ये झगझगीत आणि कडांना मंद दिसणार, त्याला इलाज नाही. निदान मधल्या रांगांची तिकिटं आधी विका. 'तुंबाड'सारख्या काळोख्या आणि पावसाळी चित्रपटाला पायऱ्यांवरचे दिवेसुद्धा खालच्या बाजूला वळवलेले हवेत.

आवाजात एकच चूक वारंवार दिसते. जाहिराती कर्कश असतात म्हणून फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) साडेचारवर आणलेला असतो आणि चित्रपट सुरू झाल्यावर तो तिथेच राहतो. चित्रपटाचं मिश्रण ७ वर ऐकून केलेलं असतं. सगळीकडे ७ ठेवा असं आम्ही म्हणणार नाही, पण १९३० ते १९८० च्या दशकांतल्या संवादप्रधान चित्रपटांना साडेपाचच्या खाली उतरू नका. रिकाम्या हॉलमध्ये तपासाल तेव्हा आवाज मोठा वाटेल. भरलेला हॉल आवाज पितो, विशेषतः 'स' आणि 'श' ऐकू येणारा वरचा भाग, म्हणून खेळाच्या वेळी अर्ध्या आकड्याने वाढवा. 'अशी ही बनवाबनवी'ला (१९८८) तर वाढवाच. एका वाक्यावरचा हशा पुढचं वाक्य खातो, आणि त्या चित्रपटात प्रत्येक वाक्याच्या पुढे आणखी एक वाक्य उभंच आहे.

बहुतेक जुने चित्रपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचे, असतात. मोनो आवाज फक्त मधल्या स्पीकरमधून यायला हवा, म्हणजे डीसीपीच्या तिसऱ्या वाहिनीतून. काही वितरक 'फाइव्ह पॉइंट वन केलंय' म्हणून फुशारकी मारतात. त्यात बहुतेक वेळा तोच मोनो आवाज सगळीकडे पसरवलेला असतो आणि प्रत्येक माणूस भिंतीतून बोलल्यासारखा वाटतो. मात्र मोनो लावण्याआधी तुमचा मधला स्पीकर तपासा. नव्या चित्रपटांत बाजूचे स्पीकर इतके गडगडतात की मधल्या हॉर्नचा ड्रायव्हर गेलेला महिनोनमहिने कुणाच्या लक्षात येत नाही. 'कुंकू' (१९३७) लावला की पहिल्या मिनिटात लक्षात येईल. व्ही. शांताराम यांनी त्या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेलं नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि रस्त्यावरचं. घड्याळाची टिकटिक मागच्या रांगेपर्यंत पोचली नाही तर तो चित्रपट तुम्ही दाखवलाच नाही. त्यासाठी आणखी एक विनंती, खास खानापूर आणि बेळगावच्या पत्र्याच्या छपराच्या टॉकीजना : 'कुंकू' जुलैत लावू नका. पत्र्यावरच्या पावसापुढे कुठलाही फेडर टिकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम.

बूथमधली यंत्रणा कुठली आहे, हे मालकांनाच माहीत नसतं असं बऱ्याचदा होतं. तुमचा सर्व्हर डीसीपी घेणारा असेल तर हार्ड डिस्क येईल, दोन तासांच्या चित्रपटाची १०० ते २०० जीबीची. ती सर्व्हरवर उतरवायला दोन-तीन तास धरा आणि खेळाच्या आदल्या दिवशी दुपारी उतरवा. ती साध्या विंडोज संगणकात उघडत नाही, कारण तिची मांडणी लिनक्सची असते. 'फॉरमॅट करू का?' असं संगणकाने विचारलं तर चुकूनही हो म्हणू नका. तुमच्याकडे उपग्रहावरून चालणारी ई-सिनेमा यंत्रणा असेल तर ही डिस्क बिनकामाची. त्या कंपनीला मूळ फाईल आधी द्यावी लागते, ती त्यांच्या साच्यात बसवली जाते, मग तुमच्याकडे येते. त्याला किमान तीन आठवडे हातात ठेवा. निपाणी-चिकोडीकडच्या टॉकीजनी तारीख जाहीर करण्याआधी हे विचारलं तर पोस्टरवर पट्ट्या चिकटवायची वेळ येणार नाही.

कुलूपबंद डीसीपीला केडीएम नावाची किल्ली लागते. ती तुमच्या सर्व्हरच्या प्रमाणपत्रापुरतीच चालते आणि ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या मिनिटाला उघडते. मध्यंतरी सर्व्हरचा मीडिया ब्लॉक (कुलूप उघडून चित्रपट चालवणारा भाग) बदलला असेल आणि वितरकाकडे जुनाच क्रमांक असेल तर किल्ली लागणार नाही, आणि हे कळतं रविवारी सकाळी, जेव्हा कुणी फोन उचलत नाही. म्हणून किल्ली एक दिवस आधीपासून चालू करून मागा आणि आदल्या रात्री पहिली दहा मिनिटं, मध्यंतराच्या आजूबाजूची पाच आणि शेवटची पाच चालवून बघा. मध्यंतर मूळ चित्रपटात जिथे आहे तिथेच घ्या. परदेशी चित्रपटांना ते नसतं. 'बायसिकल थीव्ज' (१९४८) ८९ मिनिटांचा आहे, तो सलग दाखवा आणि वडे आधी विका. कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराय'ला (१९५४) २०७ मिनिटांत स्वतःचं संगीतासह मध्यंतर आहे, तेच वापरा.

वीज जाते तेव्हा दोन गोष्टी. सर्व्हरला वेगळा यूपीएस हवा, नाहीतर डिस्कांची फेरजुळणी व्हायला तास लागतो. आणि गरम लॅम्पचा पंखा चालू राहिला पाहिजे. जनरेटर येईपर्यंतचा उकाडा प्रेक्षक सहन करतो, फुटलेला झेनॉन लॅम्प तुमचा खिसा सहन करत नाही.

उपशीर्षकांबाबत आपल्या भागात विशेष काळजी हवी, कारण मराठी चित्रपटाला कन्नड ओळी आणि कन्नडला मराठी ओळी दिल्या तर प्रेक्षक खरोखर वाढतो. सर्व्हरला अक्षरांची फाईल दिली तर जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलत्या ठिकाणी पडतात, कन्नड ओत्तक्षरं (जोडाक्षरात खाली लिहिली जाणारी अक्षरं) तर सुटी होऊन बाजूला जाऊन बसतात. त्यामुळे ओळी चित्रांच्या स्वरूपात, पीएनजी म्हणून, किंवा थेट चित्रावर छापून मागवा. एका वेळी दोनच ओळी, आणि १.३७ च्या चित्रपटात त्या चित्राच्या रुंदीतच मावायला हव्यात, नाहीतर तुम्ही शिवलेल्या मखमलीवर जाऊन पडतील.

हक्क आणि पैसे. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. 'संत तुकाराम', 'कुंकू' यांसारखे प्रभातचे चित्रपट त्या मुदतीच्या बाहेर गेले आहेत. म्हणून ते फुकट आहेत असं समजू नका. कथा, गीत आणि संगीत यांचे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, आणि चांगली प्रत ज्याच्या ताब्यात आहे तो तिचं शुल्क घेणारच. एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लेखी विचारा. यूट्यूबवरून किंवा ओटीटीच्या खात्यावरून सार्वजनिक खेळ करणं बेकायदेशीर आहे, मोफत केला तरी. प्रमाणपत्राची अडचण कमी झाली आहे, कारण २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते दहा वर्षांऐवजी कायमचं वैध असतं. फक्त नव्या प्रतीत काही जोडलं किंवा कापलं असेल तर त्याची नव्याने मंजुरी झाली आहे का, ते बघा.

हिंदी चित्रपटांच्या व्यवहारात जुन्या मुंबई राज्यातले आपले जिल्हे पूर्वापार मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे मुंबईच्या वितरण विभागात, धरले जातात, कन्नडचा हिशेब बेंगळुरूला असतो, आणि मराठी चित्रपट देणारा कधी कधी 'फक्त महाराष्ट्र' असं लिहून मोकळा होतो. करारात 'बेळगाव जिल्हा, कर्नाटक' हे शब्द स्पष्ट घालून घ्या. किमान हमीवर, म्हणजे गल्ला कितीही झाला तरी ठरलेली रक्कम देण्यावर, सही करू नका, हिश्श्यावर करा. तिकीट करासह १०० रुपयांत ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८. समजा ५०० आसनांच्या हॉलमध्ये १५० माणसं आली. गल्ला १५,०००, कर वजा जाता साधारण १४,२८५, निम्मा हिस्सा दिला तर हातात सात हजारांच्या वर, आणि कॅन्टीन वेगळं. एरवी रिकाम्या जाणाऱ्या रविवार सकाळच्या खेळाला हे वाईट नाही. रोज चार खेळांचा एक आठवडा लावण्यापेक्षा चार रविवार एकेक खेळ लावा. जुन्या चित्रपटाची जाहिरात पाहून आलेली माणसं करतात, आणि त्यांना ती करायला सहा दिवस मिळतात.

काय लावायचं, हे तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी तीन गोष्टी सुचवतो.

ऊसपट्ट्यात, म्हणजे चिकोडी, संकेश्वर, निपाणीकडे, 'सामना' (१९७५) लावा. डॉ. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर, आणि मध्ये साखर कारखान्याच्या सावलीतलं गाव. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न तिथे कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. लावायचा तर गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी. कारखाने पेटले की संध्याकाळी रस्त्यावर फक्त ट्रॅक्टर असतात.

बेळगावात गिरीश कार्नाड यांच्या भूमिका असलेले तीन चित्रपट सलग तीन रविवार लावा : कन्नड 'संस्कार' (१९७०), हिंदी 'मंथन', मराठी 'उंबरठा' (१९८२). तीन भाषा आणि एकच नट, शिवाय शेवटच्या दोन्हींत स्मिता पाटील. असा कार्यक्रम पुण्यालाही लागतो आणि बेंगळुरूलाही, पण तिन्ही चित्रपट उपशीर्षकांच्या ओळींशिवाय समजणारा प्रेक्षक आपल्याकडे जितका आहे तितका तिथे नाही. चौथा रविवार जोडायचा असेल तर गिरीश कासारवळ्ळी यांचा 'घटश्राद्ध' (१९७७). त्याची नवी प्रत २०२४ मध्ये व्हेनिसला दाखवली गेली आहे आणि उत्तम प्रत कशी असते, हे तुमच्या ऑपरेटरलाही कळेल. पोस्टर सुरुवातीपासूनच कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत करा. फलकांवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, तो पाळूनही मराठी नावाला भरपूर जागा उरते.

आणि शुद्ध गल्ल्यासाठी 'बनवाबनवी' आणि उपेंद्र यांचा 'ओम' (१९९५). या दोन्हींना प्रेक्षक संवाद पाठ करून येतो. त्याला ओरडू द्या, डोअरकीपरला बॅटरी मारायला लावू नका. 'कुंकू'च्या वेळी मात्र मारायला लावा.

तारखांबद्दल : १ नोव्हेंबर (राज्योत्सव आणि काळा दिवस) टाळा, कारण सांगायला नको. गणेशोत्सवाचे दिवस आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीची रात्र टाळा. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावात असतं तेव्हा गावाबाहेरून येणाऱ्याला रस्ता मिळत नाही. यंत्रमागवाल्यांची आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांची सुट्टी कधी, ते त्यांनाच विचारून खेळ ठरवा. लांब चित्रपट सकाळी नऊला सुरू करा. खेड्याकडची शेवटची बस चुकवून कुणी कुरोसावा बघत नाही.

शेवटी एक वेगळी विनंती. तुमच्यापैकी काहींच्या बूथमागे किंवा जिन्याखाली जुन्या रिळांचे डबे, ३५ मिमी प्रोजेक्टर, स्कोपची लेन्स पडून असेल. भंगारवाल्याला देऊ नका. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती फिल्म कुजू लागली आहे. तिला बाकीच्या डब्यांपासून वेगळी ठेवा, कारण तो वायू शेजारच्या फिल्मलाही कुजवतो, आणि ती कुठल्याही मशीनवर चढवू नका. १९५०च्या आसपासपर्यंतची फिल्म असेल तर ती नायट्रेटची असू शकते, जी भडकन पेटते आणि पाण्यानेही विझत नाही. काडी लावून तपासायचा शहाणपणा कुणी करू नये. अशा डब्यांजवळ विडी नको, पत्र्याखालचं ऊन नको. थंड, हवेशीर जागेत ठेवा, डब्यावरचं लेबल आणि सुरुवातीच्या पट्टीवर लिहिलेलं नाव यांचे फोटो काढा आणि पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. रीळ उलगडून बघायची घाई नको, ते काम त्यांचं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सीमाभागातले काही सिनेप्रेमी आणि बूथमध्ये काम केलेले काही जण